निवेदनाची सवय आणि अर्जाची रीत

(आपल्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांच्या बडोदे येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातील पुनरुक्ती वगळली आहे.)



आपल्या संस्थांना बाहेरून आर्थिक साहाय्य कसे मिळवावे, यावर चार शब्द बोलण्यास आम्हांस सांगण्यात आले आहे. आम्ही समाजकार्यातले जाणकार नाही. बँकेत कारकुनी करतो, वाणिज्य शाखेचे पदवीधर आहोत, आणि गेली काही वर्षे आम्ही व आमचे दोन सहकारी मिळून आपल्यातील तीन-चार संस्थांचे हिशेब लिहून देतो. 'आम्ही' म्हणतो ते या तिघांच्या वतीने. तेव्हा भाषणात पाल्हाळ कमी आणि कागदपत्रे जास्त येतील, याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मुद्द्याचे आधी सांगतो. आपल्या माणसांना निवेदन उत्तम लिहिता येते. मराठी माध्यमाचा वर्ग बंद होऊ नये म्हणून, शिक्षकाची जागा भरावी म्हणून, रस्त्याचे जुने नाव बदलू नये म्हणून आपण निवेदने दिली. ती देणे योग्यच होते, पुढेही द्यावी लागतील. घटनेची कलमे २९ आणि ३०, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे कलम ३५० अ, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याचे ३५० ब, ही आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहेत. परंतु कलम ३० (२) बारकाईने वाचा. सरकारने अनुदान देताना संस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे या कारणावरून भेदभाव करू नये, एवढेच ते सांगते. अनुदान द्यावेच, असे ते सांगत नाही. हक्क आहे, पण त्या हक्काबरोबर धनादेश येत नाही. आणि वाचनालयाचे वीजबिल तर दर दोन महिन्यांनी येतेच.

निवेदनात आपण काय गमावले ते लिहितो. अनुदानाच्या अर्जात आपण काय करणार, कोणासाठी, किती पैशांत आणि किती दिवसांत, ते लिहावे लागते. आमच्या पाहण्यात आलेल्या आपल्या संस्थांच्या बहुतेक अर्जांत पहिली दोन पाने इतिहासाची असतात. संस्थेची स्थापना, कोणकोणत्या थोर व्यक्तींनी भेट दिली, सुवर्णमहोत्सव कसा झाला. तिसऱ्या पानावर 'तरी कृपया यथाशक्ती साहाय्य करावे' अशी एक ओळ. हा अर्ज नाही, हे निवेदनच आहे, फक्त जिल्हाधिकाऱ्यांऐवजी विश्वस्तांच्या नावाने लिहिलेले. वाचणाऱ्याला आदर वाटतो, पण कशासाठी किती रक्कम मंजूर करावी हे त्याला कळत नाही, म्हणून तो कागद बाजूला ठेवतो.

आता हे निधी देणारे कोण? कंपन्यांच्या सीएसआरबद्दल सर्वांना ठाऊक आहे. आज आम्हांला बोलायचे आहे ते कम्युनिटी फाउंडेशन या प्रकाराबद्दल, म्हणजे सोप्या भाषेत गावाच्या निधीबद्दल. अशा निधीत एकच धनिक नसतो. एका शहरातले अनेक लोक, लहान-मोठे, आपापली रक्कम एका ठिकाणी ठेवतात, स्थानिक विश्वस्तमंडळ तिची गुंतवणूक करते आणि मुख्यतः उत्पन्नातून त्या शहरातल्याच संस्थांना अनुदाने देते. या पद्धतीचा आरंभ १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे झाला आणि तो करणारे फ्रेडरिक गॉफ हे एका बँकेचे अध्यक्ष होते, हे सांगताना आम्हांस थोडा व्यावसायिक अभिमान वाटतो. गॉफ यांची अडचण अशी होती की मृत्युपत्राने ठेवलेल्या रकमा बँकेत पडून राहत. दात्याने ज्या कामासाठी पैसा ठेवला ते कामच जगातून नाहीसे झालेले असे, आणि मेलेल्या माणसाचा हात जिवंत पैशावर ठेवलेला राही. म्हणून त्यांनी असा निधी काढला की ज्याचा विनियोग दर पिढीतील स्थानिक विश्वस्त त्या त्या काळाची गरज पाहून ठरवतील. आपल्याकडे मुंबईत १९९० च्या दशकाच्या आरंभी या धर्तीवर एक सार्वजनिक न्यास उभा राहिला. आणि आपल्या शहरात तर त्याच्या कितीतरी आधी, १९६६ मध्ये, उद्योग, विद्यापीठ आणि महानगरपालिका यांच्या सहभागाने बडोदा सिटिझन्स कौन्सिल स्थापन झाली होती. नावे निरनिराळी असतात. कोणी प्रतिष्ठान म्हणते, कोणी कौन्सिल, कोणी उद्योजक संघाचा ट्रस्ट. पाटी पाहू नका. पैसा अनेकांचा आहे का, क्षेत्र आपले शहर आहे का आणि निर्णय स्थानिक माणसे घेतात का, हे पाहा.

'आपण मराठी माणसे, आपण कोणापुढे हात पसरत नाही,' असे एका ज्येष्ठांनी मागच्या बैठकीत सांगितले. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून आम्ही त्यांना बडोद्याचाच एक जुना नियम आठवून देतो. १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून राज्यभर वाचनालयांची चळवळ सुरू केली. ही वाचनालये केवळ दरबारच्या पैशांवर निघाली नाहीत. गावाने जितकी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी आणि तितकीच राज्याने, अशी तिहाईची रीत होती. गावाने रुपया काढला नाही तर दरबारचाही रुपया सुटत नसे. आजकाल अनुदानाच्या माहितीपत्रकात 'मॅचिंग ग्रँट' हा शब्द आला की आपल्यातले काही बिचकतात. अहो, ही तर आपल्या आजोबा-पणजोबांनी पाळलेली रीत आहे! त्या काळच्या गावकऱ्यांना कोणी भिकारी म्हटले नाही, कारण त्यांनी आधी आपला तिसरा हिस्सा टेबलावर ठेवला होता. म्हणून आमचा आग्रह असा की आपला हिस्सा, मग तो चौथाच का असेना, रोख जमा झाल्याखेरीज कोणत्याही फाउंडेशनची पायरी चढू नये. 'सभासदांकडून जमवू' असे लिहिणे वेगळे आणि 'सभासदांकडून जमले, पासबुकाची प्रत सोबत' असे लिहिणे वेगळे.

यानंतर सर्वांत अवघड प्रश्न येतो, आणि तो पैशाचा नाही. फाउंडेशनचा माणूस विचारतो, 'तुमची संस्था कोणासाठी आहे?' आपण सांगतो, 'महाराष्ट्रीय समाजासाठी.' तो वहीत काहीतरी लिहितो आणि चहा पिऊन जातो. त्याच्या दृष्टीने समाज म्हणजे सारे शहर. ज्या निधीत गुजराती, सिंधी, मराठी, मल्याळी अशा सर्वांचे पैसे आहेत, तो निधी एकाच समाजाच्या स्नेहसंमेलनाला का द्यावा, याचे उत्तर आपल्याजवळ हवे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करू. पहिली कायद्याची. आपल्या जुन्या संस्थांचे न्यासपत्र काढून उद्दिष्टांचा परिच्छेद वाचा. काहींत 'अमुक ज्ञातीच्या विद्यार्थ्यांसाठी' असे शब्द आहेत. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १३ (१) (ब) आणि ८०जी यांनी एखाद्या विशिष्ट जातीच्या किंवा धर्मसमूहाच्या लाभासाठी असलेल्या धर्मादाय संस्थांवर मर्यादा घातली. १ एप्रिल १९६२ पूर्वीच्या न्यासांची गोष्ट कलम १३ पुरती थोडी निराळी, पण ८०जीच्या बाबतीत ती सवलत नाही. भाषा मात्र त्या शब्दांत येत नाही. मराठी भाषेच्या शिक्षणासाठी, मराठी ग्रंथांच्या जतनासाठी काम करणे यात कायद्याची आडकाठी नाही. अडचण जातीच्या शब्दाची आहे. तो शब्द ज्यांनी १९३० साली लिहिला त्यांच्या हेतूवर आम्ही टीका करत नाही. पण आज त्या वसतिगृहात राहणारी मुले कोण आहेत ते पाहा, आणि कागद त्यांच्याशी जुळता करा. प्रत्येकाने कुलूप लावून ठेवलेल्या कपाटात एक छोटा क्लीव्हलंड आहे. मूळ उद्देश पार पाडणे अशक्य झाले असेल तर सार्वजनिक न्यास कायद्यात कलम ५५ ची सोय आहे, मार्ग न्यायालयातून जातो. वेळ लागतो, तरी तो मार्ग आहे.

दुसरी गोष्ट मनाची आहे. 'सर्वांसाठी' असे लिहिण्याच्या भरात मराठी हा शब्दच अर्जातून गाळून टाकण्याची एक नवी खोड तरुण कार्यकर्त्यांत दिसते. सांस्कृतिक केंद्र, बहुभाषिक उपक्रम, असले गुळगुळीत शब्द. आम्हांला हे पटत नाही. घरी मराठी बोलणारे पण देवनागरीत दोन ओळी न वाचता येणारे मूल, ही या शहरातली खरी गरज आहे. ती उघडपणे मांडा. मात्र त्याच वाचनकक्षात स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा गुजराती मुलगा दुपारी बसू शकतो का, त्याचे नाव नोंदवहीत आहे का, हेही सांगा. एखादे फाउंडेशन फक्त आरोग्याला पैसे देत असेल तर तेथे अर्ज करूच नका. वाचनालयात रक्तदाब तपासणी शिबिर भरवून आपण आरोग्यसंस्था होत नाही.

आता कागदांकडे. येथे जरा वेळ लागेल, कारण आमच्या अनुभवाने दहांपैकी सात संस्था येथेच अडकतात.

बँकेच्या काउंटरवर आम्ही नेहमी पाहतो ते असे. संस्थेचे खाते तीन सह्यांचे. तिघांपैकी एक अध्यक्ष देवाघरी गेलेले, दुसरे मुलाकडे परदेशी गेलेले, आणि तिसरे, म्हणजे खजिनदार, वयाच्या ऐंशीव्या वर्षी एकटे येऊन म्हणतात, 'पूर्वीचे साहेब चालवून घेत असत.' पूर्वीचे साहेब घेत असतील, आता कोणी घेणार नाही. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कलम २२ खाली बदल अहवाल दाखल करावा लागतो. आपल्या कित्येक संस्थांत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांचे बदल अहवाल दाखल नाहीत. सरकारी नोंदवहीत आजही कैलासवासी मंडळीच विश्वस्त आहेत. फाउंडेशन नोंदणीचा उतारा मागते, त्यात ज्यांची नावे असतात त्यांच्यापैकी अर्जावर सही कोणाचीच नसते. मग तो अर्ज मंजूर कसा व्हावा?

आणि हे केवळ अनुदानापुरते नाही. जुन्या शहरातल्या आपल्या संस्थांच्या जागा आज मोलाच्या झाल्या आहेत. न्यासाची स्थावर मिळकत विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे संरक्षण आहे. परंतु विश्वस्त कोण, हाच वाद उभा राहिला तर संरक्षण कोणी मागायचे? जिथे विश्वस्तांची नोंद धड नाही, तिथे आधी वाद शिरतो आणि त्याच्यामागून बिल्डर. ज्या सभागृहात आपल्या तीन पिढ्यांची लग्ने लागली ते टिकवायचे असेल तर बदल अहवालासाठी वकिलाला दिलेली फी ही सर्वांत स्वस्त विमा-पॉलिसी आहे. (इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींसाठी सांगतो, आपल्याकडे मध्य प्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा आहे आणि तेथे निबंधकाचे काम जिल्हाधिकारी पाहतात. कार्यालय वेगळे, दुखणे तेच.)

खात्याबद्दल आणखी एक. दोन वर्षे खातेदाराकडून व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. ती बुडत नाही, योग्य कागद देऊन बँकेकडूनच परत मागता येते. एखाद्या जुन्या दात्याने पारितोषिकासाठी ठेवलेली ठेव, जिची पावती कपाटात पिवळी पडली आहे, ती तपासा. लोकांचे पैसे मागण्यापूर्वी आपले स्वतःचे पैसे कुठे आहेत हे ठाऊक असणे बरे.

आयकराची नोंदणी हा तिसरा कागद. जुन्या, कायमस्वरूपी समजल्या गेलेल्या नोंदण्यांना १ एप्रिल २०२१ पासून मुदत आली. १९६१ च्या कायद्यात ती कलम १२एबी आणि ८०जी या नावांनी ओळखली गेली. साधारण मुदत पाच वर्षांची. २०२५ च्या वित्त कायद्याने ज्या संस्थांचे उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत पाच कोटींच्या आत आहे त्यांच्यासाठी १२एबीची मुदत दहा वर्षे केली. आपल्या संस्था अर्थातच या वर्गात येतात, पाच कोटींची चिंता करण्याची वेळ आपल्यावर येवो अशी प्रार्थना करू. नवा आयकर कायदा २०२५ चा असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, त्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा क्रमांक पाठ करू नका, आपल्या आदेशावरची अखेरची तारीख पाठ करा आणि ती कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवा. रोख देणगी दोन हजारांवर गेली की दात्याला करसवलत मिळत नाही, हेही पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या मुलांना सांगून ठेवावे.

पॅन कार्ड संस्थेचे हवे, चिटणिसांचे नव्हे. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी करून क्रमांक घ्यावा. २०२३ पासून सामाजिक संस्थांची खाती सांभाळणाऱ्या बँकांवरही दर्पणवरील नोंदीची जबाबदारी आहे, त्यामुळे बँकेतून फोन आला तर रागावू नका.

कागद झाले की अर्ज. उदाहरण घेऊ, आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा एका जुन्या वाचनालयाला दुपारचा वाचनकक्ष आणि संध्याकाळचा मराठी वाचन-लेखन वर्ग एक वर्ष चालवायचा आहे. अर्धवेळ सहायक, दरमहा ८,००० प्रमाणे ९६,०००. पुस्तके ४०,०००. टेबले, खुर्च्या आणि दिवे ३६,०००. विजेचा वाटा १८,०००. हिशेबतपासणी आणि लेखनसामग्री १०,०००. एकूण दोन लाख. त्यांपैकी पन्नास हजार सभासदांनी जमवले आहेत. मागणी दीड लाखाची.

या दहा ओळींत फाउंडेशनला जे हवे ते बहुतेक आले. विजेचे १८,००० उघड लिहिले, 'इतर' या सदरात लपवले नाहीत. दिवे लागल्याखेरीज कोणी वाचणार नाही, हे विश्वस्तांनाही समजते. 'इतर' हे सदर जितके मोठे तितका संशय मोठा, हे बँकेत कर्जाच्या अर्जांवरून आम्ही शिकलो. कर्ज मंजूर करणारा अधिकारी अर्जदाराची कहाणी ऐकतो खरा, पण नजर असते ती खाते कसे चालवले आहे यावर. तीन वर्षांचे तपासलेले ताळेबंद, वेळेवर झालेली वार्षिक सभा, सभावृत्तावर सह्या. एवढे असले की अर्ज दोन पानांचा असला तरी चालतो.

फळ काय मिळणार हेही मोजता येईल असे लिहावे. 'वाचनसंस्कृती वाढेल' याला माप नाही. 'चाळीस मुले वर्गात येतील, वर्षअखेर त्यांपैकी तीस मुले गोष्टीचे एक पान अडखळता वाचू शकणार नाहीत असे राहणार नाही' असे गोल-गोलही लिहू नका. सरळ लिहा की चाळीस येतील, त्यांतली तीस वाचू लागतील, आणि ते आम्ही अमुक महिन्यात अमुक रीतीने तपासू. तीसऐवजी बावीस झाली तर तेही कळवा. बावीसचा खरा अहवाल देणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी दारात उभे करतात. शंभर टक्के यशाचे अहवाल सगळेच देतात, आणि ते वाचणाऱ्यालाही त्यांची किंमत ठाऊक असते.

अर्ज धाडण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटावे. एक पानाचे पत्र द्यावे, कोणत्या कामांना पैसे देतात, रक्कम साधारण किती, अर्जाची वेळ कोणती, ते विचारावे. आपल्यात ओळखीने काम करून घेण्याची सवय आहे. 'अमुक साहेब आमच्या मेहुण्यांचे वर्गमित्र,' वगैरे. ओळख भेटीपुरती वापरा, मंजुरीपुरती नको. शक्य असेल तेथे दोन-तीन संस्थांनी मिळून अर्ज करावा. एकाच पेठेतले वाचनालय, बालमंदिर आणि महिला मंडळ तीन अर्ज घेऊन एकाच दारात उभे राहतात, तेव्हा दारातला माणूस हसतो. आपसांतले जुने रुसवे कोणाला माहीत नसतील असे समजू नका.

एक बारीक नियम ठाऊक असू द्या, म्हणजे नकाराने मन खट्टू होणार नाही. फाउंडेशन स्वतः धर्मादाय संस्था असेल तर तिने दुसऱ्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच तिच्या खर्चात धरले जातात, असा बदल २०२३ च्या वित्त कायद्याने केला. म्हणजे आपल्याला शंभर रुपये दिले तर तिच्या हिशेबात पंच्याऐंशी लागतात. साहजिकच त्यांचे लेखापाल पूर्वीपेक्षा अधिक काटेकोर झाले आहेत. मूळ निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये, भर घालण्यासाठी मागितलेली रक्कम तर त्या हिशेबात खर्च म्हणून धरलीच जात नाही. त्यामुळे 'आमच्या कायम ठेवीसाठी पाच लाख द्या' ही मागणी बहुतेक ठिकाणी वाया जाते. काम मागा, ठेव आपण आपली जमवू.

पैसे आल्यावर त्यांची नोंद वेगळी ठेवावी. प्रत्येक बिलावर 'अमुक अनुदानातून' असा शिक्का मारावा. ठरलेल्या सदरातून दुसरीकडे खर्च करायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी, नंतर स्पष्टीकरण देऊ नये. गणेशोत्सवाचा जमाखर्च मांडवातल्या फळ्यावर चिकटवण्याची आपली रीत आहे, तीच येथे चालवा. फाउंडेशनला पाठवलेला अहवाल आपल्या सूचनाफलकावरही लागला पाहिजे. ज्या सभासदांनी पन्नास हजार दिले त्यांना तो वाचण्याचा हक्क आधी आहे.

राजकारणाबद्दल न बोलता खाली बसलो तर आपण म्हणाल, विषय टाळला. आपले हे वार्तापत्र सीमाप्रश्नावर, शाळांवर, नगरपालिकेच्या निवडणुकीवर भूमिका घेते, आणि तसे घेणे त्याचे कामच आहे. परंतु वार्तापत्राची छपाई, मोर्च्याच्या बस, उमेदवाराच्या सत्काराचा हार, यांतले काहीही वाचनालयाच्या किंवा बालमंदिराच्या न्यासाच्या खात्यातून जाता कामा नये. खाते वेगळे, पावतीपुस्तक वेगळे, आणि जमले तर पदाधिकारीही वेगळे. एकाच फलकाखाली सकाळी आमदारांचा सत्कार आणि दुपारी फाउंडेशनच्या प्रतिनिधीचे स्वागत झाले, तर आपण कोणत्या अर्थाने संस्था आहोत असा प्रश्न त्याला पडतो. ज्यांचे नातलग परदेशातून पैसे पाठवू इच्छितात त्यांच्यासाठी तर हे अधिकच महत्त्वाचे. परकीय देणगी नियमन कायदा २०१० राजकीय स्वरूपाच्या संघटनांना परकीय पैसा घेऊ देत नाही. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. नोंदणी नसताना परदेशस्थ संस्थेकडून किंवा परकीय नागरिकत्व घेतलेल्या आप्तांकडून संस्थेच्या खात्यात रक्कम घेऊ नये, कितीही प्रेमाची असली तरी.

सीएसआरबद्दल थोडक्यात. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के त्यासाठी खर्च करावे लागतात. तेथे जाण्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांचे काम लागते. आपल्या लहान संस्थांनी आधी गावाच्या निधीचे एखादे लहान अनुदान घेऊन ते नीट खर्चून दाखवावे, मग कंपनीकडे जावे. लाख-दीड लाखाचा स्वच्छ हिशेब ही पुढच्या दहा लाखांची शिफारस ठरू शकते.

काहीजण विचारतील, हा सारा व्याप करून मिळणार किती? दीड लाख, फार तर दोन. खरे आहे. पण दीड लाखासाठी बदल अहवाल दाखल होतील, खात्यावर जिवंत माणसांच्या सह्या येतील, वार्षिक सभा वेळेवर भरेल, आणि चाळीस मुलांची नावे नोंदवहीत चढतील. अनुदान नामंजूर झाले तरी यांतले काहीही परत जात नाही.

आता सोय सांगतो. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँकेला सुटी असते. त्या दिवशी सकाळी दहा ते एक आम्ही तिघे मंडळाच्या कार्यालयात बसू. येताना न्यासपत्र किंवा घटना, नोंदणीचा उतारा, शेवटचा बदल अहवाल, तीन वर्षांचे ताळेबंद, आयकर नोंदणीचे आदेश, पॅन आणि पासबुक घेऊन या. यांतले जे सापडत नसेल त्याची यादी करून आणा, रिकाम्या हाताने येण्यापेक्षा ती यादी उपयोगी पडते. न्यासपत्र गुजरातीत किंवा मोडीत असले तरी हरकत नाही, मोडी वाचणारे एक ज्येष्ठ गृहस्थ आपल्यात आहेत आणि त्यांनी येण्याचे कबूल केले आहे. शुल्क नाही, चहा मंडळाचा.